काका (शब्द)

काका हा जगातील अनेक भाषांत जवळजवळ एकाच उच्चाराने आढळणारा, परंतु भाषेगणिक वेगवेगळे आणि बहुतांशी परस्परांशी संबंध नसलेले अर्थ असणारा शब्द आहे. मराठीत तो वडिलांच्या भावाचा वाचक आहे. स्वाहिली भाषेत काका म्हणजे भाऊ, स्वीडिश भाषेत केक किंवा बिस्किट, न्यूझीलंडच्या माओरी भाषेत एक रानपोपट, तर स्पॅनिश आणि फ्रेंच मुलांच्या बोबड्या बोलीत विष्ठा. मधल्या 'क'वर आघात देऊन 'काक्का' म्हटले की तमिळ आणि मल्याळम भाषकांच्या डोळ्यांपुढे कावळा उभा राहतो.

दोन भाषांतील शब्द सारखे दिसतात, पण अर्थ निराळे असतात, अशा जोड्यांना फ्रेंच अभ्यासकांनी १९२८ साली 'खोटे मित्र' असे नाव दिले आणि पुढे ते रूढ झाले. या जोड्यांचे दोन प्रकार मात्र वेगळे ठेवले पाहिजेत. मराठीत 'शिक्षा' म्हणजे दंड आणि हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. येथे शब्द एकच, संस्कृतमधून आलेला, फक्त अर्थाची वाट फुटली. 'काका'चे तसे नाही. मराठी काका आणि स्वीडिश काका हे मुळातच दोन शब्द आहेत. त्यांची गाठ पडते ती केवळ उच्चारात.

मराठीतील काका

मराठीत काका हा शब्द 'चुलता' या अर्थी वापरला जातो. त्याच्या पत्नीला काकू किंवा काकी म्हणतात. हाक मारताना काका आणि नाते सांगताना चुलता, अशी विभागणी पुष्कळ घरांतून दिसते. 'चुलता' या शब्दाचे मूळ संस्कृत 'क्षुल्लतात' म्हणजे 'धाकटा बाप' असे देतात. पालीतील 'चूळपिता' आणि कन्नडमधील 'चिक्कप्पा' या शब्दांचीही घडण अशीच आहे. म्हणजे चुलता हा विचारपूर्वक बनवलेला सामासिक शब्द आहे. काका हा मुलाने मारलेल्या हाकेतून स्थिरावलेला शब्द दिसतो.

नात्याबाहेर तो आदरवाचक आहे. शेजारी, वडिलांचे मित्र, बसचे वाहक, दुकानदार असे कोणीही वयाने मोठे पुरुष काका होतात. सार्वजनिक जीवनात हा शब्द नावाचाच भाग झाल्याची उदाहरणे कमी नाहीत: दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर हे काका कालेलकर, नाटककार आणि संपादक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे काकासाहेब खाडिलकर, नरहर विष्णू गाडगीळ हे काकासाहेब गाडगीळ.

मराठी माणसाच्या मनात या शब्दाला एक काळी कडाही आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. मारेकऱ्यांपासून जीव वाचवण्यासाठी त्यांनी चुलते रघुनाथराव यांच्याकडे धाव घेत मारलेली हाक लोकस्मृतीत अजून जिवंत आहे. राजकारणातील चुलत्या-पुतण्यांच्या प्रत्येक बेबनावाच्या वेळी मराठी वृत्तपत्रांना ती आठवते. परभाषकाला कोशातून काका शब्दाचा अर्थ कळेल. हा संदर्भ कळणार नाही.

व्युत्पत्तीचा प्रश्न

संस्कृतमध्ये 'काक' म्हणजे कावळा. तेव्हा मराठी 'काका' त्यावरून आला का, हा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. त्याचे उत्तर ध्वनिनियमांत आहे.

संस्कृतातून प्राकृतमार्गे मराठीत येताना दोन स्वरांमधला एकेरी 'क' सहसा टिकत नाही. तो लोपतो किंवा त्याचा 'ग' होतो. 'कंटक'मधला शेवटचा क जाऊन 'काटा' उरला, 'सकल'चा 'सगळा' झाला. याच नियमाने 'काक' या शब्दातील दुसरा क गेला आणि मुलांच्या गोष्टींतला 'काऊ' व रोजचा 'कावळा' ही रूपे मिळाली. हिंदीतील 'कौआ' त्याच वाटेने आला. मराठीत दोन स्वरांमध्ये 'क' टिकलेला दिसतो, तेथे मागे बहुधा जोडव्यंजन असते. चक्र, चक्क, चाक हा क्रम प्रसिद्ध आहे. 'काकडी'चे मूळ 'कर्कटी' आहे. तिथला र गेला, क दुहेरी झाला आणि म्हणून वाचला. काकडीचा ना काकांशी संबंध, ना कावळ्याशी.

याचा अर्थ, 'काका' हे रूप संस्कृत 'काक' या शब्दापासून नियमाने निघू शकत नाही. त्यासाठी मागे 'काक्क' असे दुहेरी व्यंजनाचे रूप कल्पावे लागते, किंवा हा बालभाषेतला शब्द असून तो नियमांच्या चाकोरीबाहेर राहिला असे मानावे लागते. दुसरी शक्यता अधिक पटणारी आहे. आई, बाबा, मामा, दादा हे शब्द प्रत्येक पिढीत मुले जणू नव्याने घडवत असतात, त्यामुळे त्यांची झीज इतर शब्दांसारखी होत नाही.

गुजराती आणि बंगालीतही काका म्हणजे चुलताच. पंजाबीत मात्र काका म्हणजे लहान मुलगा, बाळ. पंजाबी कुटुंबात वाढलेले अभिनेते राजेश खन्ना यांना चित्रपटसृष्टी 'काका' म्हणत असे ते या अर्थाने. मराठी वाचकाला त्यात वडीलधारेपणा जाणवतो आणि तो साहजिक असला तरी मुळातला नव्हे.

संस्कृतातील काक

कावळ्याच्या नावाची चर्चा भारतात फार जुनी आहे. यास्काने 'निरुक्ता'च्या तिसऱ्या अध्यायात 'काक' हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला असे म्हटले असून पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते अशी पुस्ती जोडली आहे. तेथेच त्याने औपमन्यव या आचार्याचे विरुद्ध मतही नोंदवले आहे. औपमन्यवाच्या मते ध्वन्यनुकरणातून शब्द होतच नाहीत. कावळा हा हाकलून लावण्याजोगा, म्हणून तो काक. आजचे भाषाविज्ञान या वादात यास्काच्या बाजूचे आहे. इतक्या प्राचीन काळी दोन्ही पक्ष शेजारी शेजारी मांडून ठेवण्याची ही रीत मात्र मतापेक्षाही मोलाची वाटते.

या पक्ष्यावरून संस्कृतात अनेक न्याय, म्हणजे दृष्टान्तरूप संज्ञा, तयार झाल्या. त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाला चपखल लागू पडतात. पहिला 'काकतालीय न्याय'. कावळा ताडाशी येण्याची आणि ताडाचे फळ पडण्याची एकच वेळ आली, तरी एक घटना दुसरीचे कारण ठरत नाही. पाणिनीच्या पाचव्या अध्यायातील एका सूत्राचे उदाहरण म्हणून 'काकतालीय' हा शब्द काशिकावृत्तीत दिलेला आहे. मराठीत हाच आशय 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' या म्हणीत आला. दोन भाषांतील शब्दांचे आकस्मिक साम्य याला याहून चांगले नाव सापडणार नाही, आणि ते नाव 'काक'नेच सुरू व्हावे हाही काकतालीय योगच!

दुसरा 'काकाक्षिगोलक न्याय'. कावळ्याला बुबुळ एकच असून ते तो दोन्ही खोबणींत फिरवतो, अशी समजूत होती. त्यावरून, वाक्यात एकदाच आलेला शब्द दोन बाजूंना लागू होतो तेव्हा टीकाकार या न्यायाचा आधार घेतात. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने ही समजूत अर्थातच खरी नाही. कावळ्याला दोन चांगले डोळे असतात.

दक्षिणेकडील भाषा

द्राविड भाषांत कावळ्याची नावे संस्कृतशी मिळतीजुळती आहेत: तमिळ 'काक्कै' व बोलीतील 'काक्का', मल्याळम 'काक्का', कन्नड 'कागे', तेलुगू 'काकी'. यांतील कोणी कोणाकडून घेतले याचा निवाडा सोपा नाही, कारण कावळा सर्वत्र सारखाच ओरडतो आणि त्याची नक्कल कोणत्याही भाषेला स्वतंत्रपणे करता येते. मराठी मुलाने हैदराबादेत काकूला 'काकी' अशी हाक मारली, तर तेलुगू कानांना ती कावळ्याला मारलेली हाक वाटेल.

मल्याळममध्ये आणखी एक गुंता आहे. मलबारमधील मापिळा मुसलमानांत थोरल्या भावाला 'काक्का' म्हणतात. म्हणजे एकाच भाषेत, एकाच उच्चाराने, पक्षीही आहे आणि नातेही आहे. ऐकणाऱ्यांचा गोंधळ होत नाही, कारण संदर्भ अर्थ निवडून देतो.

इराणपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत

फारसीत 'काका' हा शब्द थोरल्या भावासाठी आणि जुन्या काळी घरातील कृष्णवर्णीय गुलामासाठी वापरला जात असे. कुर्दी भाषेत 'काक' किंवा 'काका' म्हणजे थोरला भाऊ. अफगाणिस्तानातील दरी आणि पश्तू भाषांत काका म्हणजे चुलता, अगदी मराठीप्रमाणे. या पट्ट्यातील शब्द एकमेकांशी संबंधित असण्याची शक्यता मोठी आहे. शेजार, राज्यव्यवहार आणि व्यापार यांमुळे नातेवाचक हाका एका भाषेतून दुसरीत सहज जातात. म्हणून 'सगळे काका परस्परांशी असंबद्ध' असेही सरसकट म्हणता येत नाही.

स्वाहिली भाषेत 'काका' म्हणजे भाऊ, विशेषतः थोरला; समवयस्क पुरुषाला आपुलकीने हाक मारतानाही हा शब्द येतो. याच भाषेत 'दादा' म्हणजे बहीण. मराठी माणसाला येथे दुहेरी धक्का बसतो: काका एक पिढी खाली उतरून भाऊ होतो आणि दादा स्त्री होते. 'बाबा' मात्र तिकडेही वडीलच.

पश्चिम आफ्रिकेतील हौसा भाषेत याच वर्णांनी लिहिलेला शब्द आजोबा किंवा आजी या अर्थी येतो, आणि पिकांच्या कापणीच्या हंगामालाही तेच वर्ण लागतात. हौसा ही सुरांची भाषा आहे. आवाजाची चढउतार आणि स्वरांची लांबी यांनी तिथे शब्द वेगळे होतात, पण नेहमीच्या लेखनात हा भेद दाखवला जात नाही. कागदावर सारखे दिसणारे शब्द कानाला सारखे असतीलच असे नाही, ही खबरदारी अशा तुलनेत सतत घ्यावी लागते.

युरोपातील दोन काका

स्वीडिश 'काका'चे अनेकवचन 'काकोर'. आले-दालचिनी घातलेली नाताळची पातळ बिस्किटे ही 'पेप्परकाकोर'. संगणकावर संकेतस्थळे ठेवतात त्या 'कुकी'लाही स्वीडिशमध्ये काकोरच म्हणतात. प्राचीन नॉर्स भाषेत हा शब्द 'काका' असाच होता. उत्तरेकडून आलेल्या लोकांबरोबर तो इंग्लंडात गेला आणि त्याचा 'केक' झाला. मराठी घरांत वाढदिवसाला कापला जाणारा केक हा अशा रीतीने स्कँडिनेव्हियातल्या काकाचा वंशज आहे. इंग्रजीतील 'कुकी' त्याच कुळातली, पण ती डच भाषेतून आली.

येथे एक उद्बोधक गोष्ट नोंदवली पाहिजे. केक आणि इंग्रजी 'कुक' (शिजवणे, स्वयंपाकी) हे शब्द सारखे दिसतात, अर्थानेही जवळचे आहेत, आणि पूर्वी ते एकाच मुळाचे मानले जात. आज तसे मानत नाहीत. 'कुक' हा लॅटिनमधून आला, आणि ते लॅटिन क्रियापद संस्कृत 'पच्' धातूशी सगोत्र आहे. म्हणजे मराठीतील 'पक्वान्न' आणि इंग्रजी 'कुक' हे दूरचे भाऊबंद, तर केक आणि कुक परके. दिसण्यावरून नाते ठरवणाऱ्याचा निकाल नेमका उलटा लागला असता.

दुसरा काका दक्षिण व मध्य युरोपातला. स्पॅनिश आणि फ्रेंच 'काका', इटालियन 'काक्का', हंगेरियन व तुर्की 'काका', फिन्निश 'काक्का' हे सगळे मुलांच्या शीसाठी वापरायचे शब्द आहेत. लॅटिन आणि ग्रीकमध्ये याच अर्थाची क्रियापदे होती, त्यामुळे यांतील काही शब्द एका वंशातले आहेत. पण हंगेरियन, फिन्निश आणि तुर्की वेगळ्या कुळांतल्या भाषा आहेत. फिन्निश विद्यार्थ्याला तर 'काक्कु' (केक) आणि 'काक्का' यांतील शेवटचा स्वर सांभाळूनच बोलावे लागते. परदेशी वास्तव्य करणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुले पाळणाघरात 'काका आले' असे आनंदाने सांगतात तेव्हा तिथल्या शिक्षिकेची धांदल का उडते, हे यावरून लक्षात यावे.

पूर्वेकडे आणि महासागरापलीकडे

जपानीत 'काका' हा जुन्या बोलीत आईसाठी व बायकोसाठी वापरला जाई. शेवटचा स्वर लांबवून 'काकाऽ' म्हटले की घरची मालकीण. मधला क दुहेरी केला की 'काक्का' म्हणजे 'महामहिम', राजदूत-सेनापतींना लावायचे संबोधन. हा चिनी मूळ असलेला निराळा शब्द आहे. एका व्यंजनाच्या अर्ध्या मात्रेने घरातील बाई मंत्रिमहोदय होते.

माओरीतील काका हा न्यूझीलंडच्या अरण्यांत राहणारा तपकिरी, पंखांखाली लालसर झाक असलेला मोठा पोपट आहे. वेलिंग्टन शहरातील संरक्षित वनात २००२ सालापासून हे पक्षी पुन्हा सोडण्यात आले आणि आता ते शहरातल्या बागांतही दिसतात. त्याच्या नावापुढे 'पो' म्हणजे रात्र हा शब्द जोडून 'काकापो', रात्रीचा पोपट, हे नाव झाले. काकापोला उडता येत नाही. बाहेरून आलेल्या प्राण्यांनी त्याचा जवळजवळ निर्वंश केला होता. १९९५ साली केवळ ५१ पक्षी उरले होते. कसोशीने केलेल्या संवर्धनामुळे ही संख्या त्यानंतर कित्येक पटींनी वाढली आहे.

ब्राझीलचा प्रसिद्ध फुटबॉलपटू काका याचे नाव या सर्वांहून निराळ्या वाटेने आले. त्याचे खरे नाव रिकार्दो. धाकट्या भावाला ते उच्चारता येईना, तो 'काका' म्हणे, तेच टिकले. २००७ सालचा 'बॅलन डी'ओर' पुरस्कार त्याला मिळाला.

साम्य का आढळते

रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात 'मामा' आणि 'पापा' हे शब्द जगभर का आढळतात याचे विवेचन केले. लहान मूल ओठांनी सहज निघणारे ध्वनी स्वरांसह पुन्हा पुन्हा काढते. त्याला अर्थ जोडतात ती मोठी माणसे. ध्वनी मुलाचा आणि अर्थ समाजाचा, म्हणून जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील, पुष्कळ युरोपीय भाषांत आई आणि मराठीत आईचा भाऊ, असे होऊ शकते. 'क' हा कंठ्य ध्वनी ओठांइतका सुलभ नसला तरी तान्ह्या मुलांच्या 'अग्गू'मध्ये त्याच जागेचा ध्वनी असतो. मुलांच्या बोलीत म्हणूनच काका आहे आणि म्हणूनच त्याचे अर्थ भाऊ, चुलता, आजोबा, बाळ आणि शी असे घराच्या आवारातच फिरत राहतात.

दुसरे कारण आवाजाचे अनुकरण. कर्कश ओरडणाऱ्या पक्ष्यांची नावे यातून आली: काक, काक्का, बहुधा माओरी काकाही.

तिसरे कारण निव्वळ गणिताचे. समजा एखाद्या भाषेत दहा व्यंजने आणि तीन स्वर आहेत. एकच अक्षर दोनदा उच्चारून तयार होणारे शब्द तिला फक्त तीस मिळतात. जगात सुमारे सात हजार भाषा आहेत. एवढ्या छोट्या कोठारातून इतक्यांनी शब्द उचलले, तर गाठी पडणारच. त्या पडल्या नसत्या तरच नवल.

व्युत्पत्तिविचारातील महत्त्व

एखाद-दुसऱ्या शब्दाच्या साम्यावरून लोकसमूहांचा इतिहास सांगण्याचा मोह फार जुना आहे. अमक्या देशातील गावाचे नाव आपल्या शब्दासारखे, म्हणून आपले पूर्वज तिथे गेले होते, अशी विधाने व्याख्यानांत, पुस्तकांत आणि अलीकडे भ्रमणध्वनीवरील संदेशांतही सर्रास केली जातात. ती ऐकायला सुखद असतात आणि म्हणूनच त्यांची छाननी होत नाही. त्याच न्यायाने माओरी पोपट मराठी घराण्यातला ठरेल.

भाषाशास्त्राची कसोटी वेगळी आहे. एका शब्दाचे साम्य पुरत नाही. अनेक शब्दांत, ठरावीक ध्वनीच्या जागी ठरावीक ध्वनी नियमाने यावा लागतो. संस्कृत 'पितृ'मधील प-च्या जागी इंग्रजीत 'फादर'मधला फ येतो, आणि 'पाद' व 'फूट' या जोडीतही तोच बदल दिसतो. म्हणून नाते सिद्ध होते. याउलट लॅटिन 'देऊस' आणि ग्रीक 'थेओस' हे दोन्ही देवाचे वाचक आणि दिसायला सारखे, तरी त्यांचा संबंध नाही. लॅटिन शब्दाचे नाते आहे ते संस्कृत 'देव'शी. फारसी 'बद', जो मराठीत 'बदनाम'मध्ये आहे, आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एकच, उच्चार जवळचा, पण उगम स्वतंत्र. ऑस्ट्रेलियातील म्बाबरम या आदिवासी भाषेत कुत्र्याला 'डॉग' म्हणत. हा शब्द इंग्रजीतून गेलेला नाही, हे आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी शेजारच्या भाषांतील रूपांच्या आधारे दाखवले. येथे तर अर्थसाम्यही पूर्ण आहे, आणि तरीही नाते शून्य.

मराठीत या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) रचणारे कृ. पां. कुलकर्णी यांची नावे प्रमुख आहेत. राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्ती पुढील अभ्यासकांनी नाकारल्या. त्या नाकारता आल्या, कारण त्यांनी निष्कर्षाबरोबर मधल्या पायऱ्याही लिहून ठेवल्या होत्या.

काकाकुवा

मराठीत तुरेवाल्या पांढऱ्या पोपटाला काकाकुवा म्हणतात. या शब्दातला 'काका' चुलता नव्हे आणि कावळाही नव्हे. मूळ शब्द मलय भाषेतील 'काकातुआ'. युरोपीय व्यापाऱ्यांनी तो उचलला आणि इंग्रजी 'कॉकटू' त्यातूनच झाला. मलय भाषेत 'काकाक' म्हणजे थोरले भावंड आणि 'तुआ' म्हणजे वृद्ध, म्हणून पक्ष्याचे नाव 'वडील भावंड' असे असावे, अशी फोड तिकडे लोक करतात. ते पक्ष्याच्या आवाजाचे अनुकरण असावे, असे दुसरे मत आहे.